लिलाबाईचं लायसन

गाडी पुन्हा बंद पडली, आणि या वेळी ती लिलाबाईला घेऊनच आडवी झाली.

बाजारपटांगणातली माती थंडीने घट्ट झालेली होती. लिलाबाईचं कोपर तिच्यावर घासलं गेलं आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला चाटून गेला. तिने ओठ आवळले. तिचा नवरा देवचंद पटांगणाच्या कडेला अंगावर घोंगडी घेऊन उभा होता. तो जागचा हलला नाही.

"लागनं का?" त्याने तिथूनच विचारलं.

"नही."

"मंग उठ. पेट्रोल सांडी ऱ्हायनं."

लिलाबाई उठली. गाडी राजदूत फटफटी होती, आणि आडवी पडलेली राजदूत उचलणं म्हणजे बसलेल्या म्हशीला उठवण्यासारखं. तिने नऊवारीचा कासोटा पुन्हा खोचला, हँडल धरलं, पाठ लावून गाडी उभी केली. देवचंद बघत राहिला. गाडी उभी झाल्यावरच तो जवळ आला आणि क्लचवरच्या तिच्या बोटांकडे बघत म्हणाला, "एकदम सोडू नको. दूधवरनी साय काढतस ना, तशी धीरे सोड."

गेल्या सहा वर्षांत तो तिच्याशी सलग एवढं बोलला नव्हता.

लिलाबाई बैसाणे साक्रीच्या पश्चिमेला, कुडव्याच्या दवाखान्यात नर्स होती. गावात तिला नर्सबाई म्हणत आणि आजूबाजूच्या पाड्यांवर नुसतंच बाई. डोंगरातले पाडे लांब लांब होते. बाळंतपणाचा निरोप आला की ती पेटी डोक्यावर घेऊन चालत निघे. मिळाली तर बैलगाडी, नाहीतर आपले पाय. एवढी वर्षं तसंच चाललं होतं आणि तिने कधी तक्रार केली नव्हती.

भादव्यात सावरपाड्याहून निरोप आला. झुलाल भिलाची बायको बेबाबाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. लिलाबाई सकाळी निघाली. वाटेतला ओहोळ भरलेला होता, म्हणून वरून वळसा घालावा लागला. ती पोहोचली तेव्हा झोपडीबाहेर बायका गप्प बसलेल्या होत्या. आत बेबाबाईचा हात तिने हातात घेतला तर तो गार होता. शेजारी मूल मात्र जोरात रडत होतं. पेटीतलं इंजेक्शन पेटीतच राहिलं.

परत आल्यावर तिचं लक्ष दवाखान्याच्या ओसरीत गेलं. तिथे पोत्याखाली ती राजदूत उभी होती. देवीच्या रोगाची लस द्यायच्या मोहिमेसाठी आलेली. ती चालवणारा लस टोचणारा माणूस बदलून गेला होता आणि गाडीवर कोंबड्या बसत होत्या. लिलाबाई रोज तिच्या बाजूने येजा करत होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती तिच्यासमोर थांबली.

डॉक्टरांशी बोलायचा धीर गोळा करायला तिला पुढचे काही महिने लागले. डॉक्टर तरुण होते, बरे होते. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "बाई, माझी हरकत नाही. पण लायसन नसताना मी चावी देऊ शकत नाही. आणि मार्चअखेर गाडी धुळ्याला परत मागवलीय. तोवर तुमच्या हातात पक्कं लायसन आलं तर मी इथंच ठेवून घेईन. नाहीतर ती गेली."

शिकाऊ परवाना निघाला आणि डॉक्टरांनी शिकण्यापुरती चावी दिली. पण शिकवणार कोण? साऱ्या कुडव्यात गाडीच्या यंत्राची जाण असलेला एकच माणूस होता आणि तो तिच्या घरात राहत होता.

देवचंद एस.टी.चा ड्रायव्हर होता. नुसता ड्रायव्हर नव्हे. धुळे-नवापूरच्या रस्त्यावर कोंडाईबारीचा घाट रात्रीबेरात्री उतरणारा, ज्याच्या गाडीत म्हाताऱ्या बिनघोर झोपत, असा ड्रायव्हर. तेव्हा ते धुळ्याला चाळीत राहत होते. एके पहाटे चहा पिता पिता तो ताठ झाला, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. लिलाबाई नर्स होती, तिला ते काय आहे हे सांगायला कोणी नको होतं. तिने त्याला कुशीवर घेतलं, शेजाऱ्यांनी नाकाला चप्पल लावायला आणली ती बाजूला सारली. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, चक्कर आली. महिन्याभराने पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा. तिने हात जोडले, साहेबांना सांगा म्हणाली. तो खाकी चढवून ड्युटीवर निघून गेला.

त्या दिवशी लिलाबाई त्याच्या मागोमाग डेपोत गेली. गाडी लागलेली होती, प्रवासी बसलेले होते, देवचंद स्टिअरिंगवर बसलेला होता. तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब गाडीपाशी आले आणि भरल्या गाडीसमोर त्यांनी देवचंदला खाली उतरायला सांगितलं. तो उतरला. तिच्याकडे त्याने एकदाच बघितलं.

त्याला शेडमध्ये गाड्या धुण्याचं काम दिलं. ते त्याने आठवडाभर केलं आणि सोडलं. लायसन गेलं. मग लिलाबाईची कुडव्याला बदली झाली आणि तोही सोबत आला. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागला. एकुलत्या मुलीचं नरडाण्याला लग्न करून दिलं, त्यात दोघं शेजारी शेजारी उभी राहिली, फोटोही काढला. पण घरात बोलणं कामापुरतंच. रोज सकाळी ती चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवी आणि तो ती घेई. आजाराचं नाव मात्र त्याने कधी काढलं नाही. कधी शेतात झटका येऊन जाई. कपड्यांना माती लागलेली असे, ओठ चावलेला असे. तिने विचारलं तर तो म्हणे, पाय घसरला.

अशा माणसाला तिने विचारलं होतं, "माले फटफटी शिकाडशात का?"

तो जेवत होता. हातातला घास त्याने ताटात ठेवला.

"मनी गाडी तू लई लिधी," तो म्हणाला. "आते तुले गाडी मी शिकाडू?"

लिलाबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली. मग ती म्हणाली, "बेबाबाईना हात गार पडी गयेल व्हता. तिनं पोर रडी ऱ्हायनं व्हतं."

तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एकटीनेच राजदूत ढकलत बाजारपटांगणात नेली. किका मारून मारून तिचा जीव अर्धा झाला. शेवटी गाडी सुरू झाली आणि तिच्यासकट बेफाम सुटली ती लालचंदशेठच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन आदळली. लालचंदशेठची आई चंदनबाई ओट्यावर दातण करत होती, ती पितळी तांब्या टाकून आत पळाली. लिलाबाई मान खाली घालून गाडी मागे ओढत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"क्लच असा सोडतस का?"

देवचंद आला होता. आल्यावर त्याने गाडीला हात मात्र लावला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. तो फक्त सांगे.

महिनाभर हेच चाललं. पहाटे पटांगण रिकामं असे. लालचंदशेठने कुरकुरत का होईना, तेलाचे रिकामे डबे दिले. ते मांडून देवचंदने मातीत आठाचा आकडा आखला. धुळ्याला तोच काढायला लावतात. पाय टेकला की नापास. लिलाबाईचा पाय दर वेळी टेके. डब्यापाशी आली की तिला डबाच दिसे, आणि डबा दिसला की गाडी डब्यावरच जाई.

"डबाकडे काय देखस?" तो ओरडे. "पुढे देख. जठे देखशी तठे गाडी जाई."

शिकवताना तो कठोर होता. शाबास म्हणून कधी म्हणाला नाही. पण कधी कधी बोलता बोलता त्याचा आवाज बदले आणि तो डेपोतला देवचंद होई. "समोरथून मोठी गाडी उनी ना, का आपून थांबी जावानं. त्याले आपून दिसतस असं समजू नको. दिसत नही. मी सांगस ना, वरथून दिसत नही." मग एकदम त्याला आपण कुठे आहोत ते आठवे आणि तो डबे सरळ करायला लागे.

एकदा ती डब्यांमधून फिरत असताना तो मधेच "थांब" म्हणाला. तिने गाडी थांबवली. तो तळहाताच्या मागच्या बाजूने नाक पुसत होता, पुन्हा पुन्हा. तिला माहीत होतं. झटका यायच्या आधी त्याला रबर जळाल्याचा वास येतो, हे सुरुवातीच्या काळात, बोलणं होतं तेव्हा, त्याने तिला सांगितलं होतं. ती गाडीवरून उतरायला लागली तसा तो म्हणाला, "तू चालाड," आणि दुकानाच्या मागे निघून गेला. बऱ्याच वेळाने आला. टोपीला लागलेली माती त्याने तिच्याकडे न बघता झटकली.

परीक्षेची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली निघाली. त्यानंतर तारीख मिळायची ती एप्रिलातलीच. म्हणजे एकच संधी.

आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "सकायले येतस का?"

"मी धुयाले येस नही," देवचंद म्हणाला.

ती एकटीच निघाली. साक्री ओलांडून सुरतच्या मोठ्या रस्त्याला लागली आणि पहिला मालट्रक शेजारून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. तिने हँडल घट्ट धरलं. नेरच्या पुलावर समोरून एस.टी. येताना दिसली तशी ती अलीकडेच थांबली, गाडी पूर्ण जाऊ दिली आणि मग पुढे निघाली. शेतातली माणसं कामं थांबवून बघत. एका ठिकाणी बैलगाडीतल्या दोन बायकांनी तिच्याकडे बघून पदर तोंडाशी धरला. ती धुळ्यात शिरली तेव्हा तिचे खांदे दगडासारखे झाले होते आणि परीक्षा अजून व्हायचीच होती.

लायसनच्या कचेरीमागच्या मैदानात पांढऱ्या फक्कीने आठ आखलेला होता. जप्त केलेल्या गंजक्या मोटारी एका बाजूला भिंतीलगत उभ्या होत्या. रांगेत सगळे पुरुष. पारोळ्याचा एक दूधवाला, दोन-तीन कॉलेजातली पोरं, आणि प्रकाशचंद नावाचा कापड दुकानदार, त्याची नवी कोरी येझदी. लिलाबाईने राजदूत स्टँडवर लावली तशी रांगेत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "नवऱ्याची गाडी घेऊन आली वाटतं." हसण्याचा आवाज आला. ती डोक्यावर पेटी असल्यासारखी ताठ उभी राहिली आणि समोर बघत राहिली.

निरीक्षक साहेब पन्नाशीचे, खाकी कपडे, गळ्यात शिट्टी. त्यांनी तिच्यासमोर येऊन कागद पाहिले.

"तुमचे मालक कुठे आहेत? त्यांना पुढे पाठवा."

"परीक्षा माझी आहे, साहेब."

त्यांनी कागदावरचा फोटो पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं.

"ही बायकांची गाडी नाही, बाई. लुगडं चाकात गेलं तर?"

"कासोटा घातलाय. रोज असाच घालून चालवते."

"कशासाठी पाहिजे तुम्हाला?"

"मी नर्स आहे. डोंगरात बाळंतपणं असतात."

साहेबांनी कागद परत दिले. "रांगेत थांबा," म्हणाले आणि पुढे गेले. ते रागावले की नाही हे तिला कळलं नाही.

पहिल्या दोघांना पास केलं. दूधवाल्याला वळण्या-थांबण्याचे हातवारे नीट येत नव्हते, त्याला परत पाठवलं. मग प्रकाशचंद निघाला. गाडी छान चालवत होता, पण दुसऱ्या वळणावर त्याचा बूट जमिनीला लागला न लागला, एवढाच लागला. शिट्टी वाजली.

"पाय टेकला. पुढच्या महिन्यात या."

"साहेब, जरासाच लागला," प्रकाशचंद अजिजीने म्हणाला.

"जरासाच टेकला तरी टेकलाच. पुढच्या महिन्यात."

प्रकाशचंद गाडी ढकलत बाहेर गेला. त्याला पुढचा महिना होता. तिला नव्हता. तिने पाण्यासाठी इकडे तिकडे बघितलं, तेव्हा मैदानाच्या टोकाला निंबाच्या झाडाखाली तिला देवचंद दिसला.

धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर लांब उपरणं. डेपोत गाडीवरून उतरवल्यापासून तो एस.टी.त बसला नव्हता. कुठे जायचं तर चालत जाई, नाहीतर ट्रकवर. पण ट्रकचा भरवसा नसतो, या वेळेला धुळ्यात पोहोचायचं तर एस.टी.शिवाय मार्ग नव्हता. म्हणजे सकाळी ती गेल्यावर तो फाट्यावर जाऊन उभा राहिला असणार, तिकीट काढून प्रवाशासारखा बसला असणार. त्याने हात केला नाही. ती बघतेय हे पाहून त्याने मान किंचित वळवली, समोर बघ, म्हटल्यासारखी.

तिचा नंबर आला. हातवारे विचारले, ते तिने करून दाखवले. साहेबांनी आठाकडे बोट केलं. तिने किक मारली, गाडी एका किकेत सुरू झाली. निघता निघता तिने एकदा झाडाकडे बघितलं.

देवचंद तळहाताच्या मागच्या बाजूने नाक पुसत होता.

तिची बोटं ब्रेककडे वळली. पण क्लच सुटत आला होता, गाडी पुढे सरकली होती. पहिली फक्कीची रेघ चाकाखालून गेली. ती पहिलं वळण घेऊ लागली. वळणाच्या टोकाला गाडीचं तोंड आपसूक झाडाकडे झालं, आणि झाडाखाली कोणी नव्हतं.

गाडी डगमगली. तिचा पाय खाली यायला निघाला. ती नर्स होती, ज्या क्षणी कोणी पडतं त्या क्षणी धावायचं हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. मैदानात दगड होते. भिंतीकडे लोखंड होतं. तो कुठे पडला असेल, कशावर पडला असेल? आणि लोक जमून नाकाला चप्पल लावतील, तोंडात चमचा कोंबतील. थांबावं. गाडी टाकावी आणि पळावं.

पण तो निघून गेला होता. पडला नव्हता, निघून गेला होता. पटांगणात गेला होता तसाच, तिने बघू नये म्हणून. ती आता थांबली तर तो ज्यासाठी उठून गेला ते फुकट जाणार होतं.

तिने डोळे झाडावरून ओढून काढले आणि पुढच्या वळणावर ठेवले. गाडी सरळ झाली. तिने दुसरं वळण घेतलं, मध्यावर आली, आठ पुरा झाला. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला हात सोडता येत नव्हता.

"आता उलट्या बाजूने," साहेब म्हणाले.

तिला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. पण साहेब बोटाने दाखवत होते. इतरांना त्यांनी उलट्या बाजूने काढायला लावला नव्हता. तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी झाड दोनदा समोर आलं आणि दोन्ही वेळा ते रिकामंच होतं. तिने पाय टेकवला नाही.

"चढावर जा. मधे थांबवा. पुन्हा निघा."

कचेरीच्या फाटकातून रस्त्याकडे छोटा चढ होता. ती गेली, थांबली, निघाली. गाडी एक वीतभरही मागे आली नाही.

"अरुंद पूल आहे," साहेब तिच्याजवळ येऊन म्हणाले. "समोरून एस.टी. येतेय. काय कराल?"

"अलीकडे थांबेन. तिला जाऊ देईन."

"तुम्ही आधी पुलावर चढला असाल तर?"

"एस.टी. दिसल्यावर मी चढणारच नाही, साहेब. त्याला वरून मी दिसत नाही."

साहेबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "हे कोणी शिकवलं?"

"मालकांनी," ती म्हणाली.

त्यांनी कागदावर खूण केली. "ठीक आहे. पास. आत जाऊन सही करा, चार वाजता लायसन मिळेल."

"येते साहेब, आलेच," लिलाबाई म्हणाली आणि गाडी स्टँडवर लावून भराभर चालत निघाली. पळाली नाही. पळाली असती तर लोक मागे आले असते.

झाडाखाली तो नव्हता. कचेरीच्या मागे नव्हता. मग तिला भिंत आणि एका जप्त मालट्रकमधली बोळ दिसली. ती अंग चोरून आत शिरली.

देवचंद तिथे कुशीवर पडलेला होता. झटका येऊन गेला होता. सदऱ्याला माती लागली होती, ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं, श्वास संथ चालला होता. पण तिची नजर दुसऱ्याच गोष्टींवर गेली. त्याच्या डोक्याखाली उपरणं घडी करून ठेवलेलं होतं. टोपी काढून बाजूला ठेवली होती. सदऱ्याचं गळ्याचं बटण सोडलेलं होतं. आजूबाजूचे दगड उचलून भिंतीकडे सारलेले होते. अगदी सुरुवातीला, आणि नंतर कितीदा तरी, ती त्याला हेच सांगत आली होती. येतेय असं वाटलं की आडोसा बघा, डोक्याखाली काहीतरी घ्या, कुशीवर व्हा. तो तेव्हा तोंड फिरवून बसे. त्याने यातलं काही ऐकलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती खाली बसली. पदराने त्याचं तोंड पुसलं. त्याने डोळे उघडायला वेळ लागला. ती कोण आहे ते ओळखायला आणखी थोडा.

"पास?" त्याने जड जिभेने विचारलं.

"पास."

तो पडल्या पडल्या ट्रकच्या गंजलेल्या चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उनी व्हती."

चक्कर आली होती, हे सहा वर्षांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला होता. लिलाबाईने त्याच्या केसांतली माती झटकली.

"माले समजनं," ती म्हणाली. "तुम्ही झाडखाल नही व्हतात."

"मंग पाय टेका का?"

"नही टेका."

त्याने डोळे मिटले. "बरं करं," तो म्हणाला.

कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही.

दुपारभर तो निंबाच्या सावलीत झोपला. ती शेजारी बसून राहिली. फाटकाबाहेरच्या शेंगदाणेवालीकडून तिने गुळाचा खडा आणि पाणी आणलं, ते त्याला उठल्यावर दिलं. चारला खिडकीतून लायसन मिळालं. लहानसं पुस्तक, आत तिचा फोटो, त्यावर शिक्का. तिने ते त्याच्या हातात दिलं. त्याने पानं उलटली, शिक्क्याच्या जागी बोट ठेवलं, मग मिटून तिला परत दिलं.

"तुम्ही एस.टी.नी या," लिलाबाई म्हणाली. "मी मांगेमांगे चालाडस."

"मी गाडीवर येस."

लिलाबाईने रस्त्याकडे बघितलं. सकाळी एकदा चक्कर येऊन गेली होती, पुन्हा येणार नाही असं कोणी सांगू शकत नव्हतं. मागच्या सीटवर, भर रस्त्यात, ट्रकांच्या मधे. ती नाही म्हणू शकत होती. नाही म्हणणंच बरोबर होतं. एकदा ती असंच बरोबर वागली होती. ती चावी हातात घेऊन उभी राहिली.

देवचंदनेच उपरणं झटकलं. तो तिच्या मागे गाडीवर बसला, उपरण्याचं एक टोक तिच्या कमरेभोवती पुढे दिलं.

"बांधी ले," तो म्हणाला. "परत उनी ते मी पडसू, तुलेबी पाडसू. घट बांध."

रांगेतली पोरं अजून पानाच्या टपरीपाशी उभी होती. ती बघत होती. लिलाबाईने दोघांच्या कमरेभोवती उपरण्याचा वेढा घेतला आणि पोटापाशी गाठ मारली. त्याने मागून हात घालून गाठ चाचपली, ओढून पाहिली.

"तुमाले काई वाटनं, वास उना, का लगेच सांगा," ती म्हणाली.

"सांगसू."

तिने किक मारली. पोरांपैकी कोणी हसलं नाही.

गाव मागे पडलं. उन्हं समोरून येत होती, म्हणून तिने कपाळावर पदर पुढे ओढला आणि डोळे बारीक केले. पाठीला त्याचं वजन लागत होतं. इतक्या वर्षांत ते दोघं एवढ्या जवळ बसले नव्हते. कुसुंब्यापर्यंत तिने दोनदा विचारलं, "बरं शे ना?" त्याने दोनदा "हा" म्हटलं.

कुसुंब्याच्या पुढे रस्ता वळू लागला. समोरून एस.टी. आली. ती बाजूला घेऊन हळू झाली. ड्रायव्हर म्हातारा होता, देवचंदच्या वेळचा असावा. त्याने राजदूतवरच्या दोघांना पाहिलं आणि स्टिअरिंगवरचा एक हात वर केला.

लिलाबाई वाट बघत राहिली, देवचंद हात करील म्हणून. त्याने केला नाही.

"हात कर," तो मागून म्हणाला. "तुले करना त्यानी. चालाडणारालेच करतस."

तिने हात वर केला तोवर गाडी निघून गेली होती.

नेरच्या अलीकडे मोठं वळण होतं. ते यायच्या जरा आधी तिला काहीतरी जाणवलं. तिने क्षणभर खाली बघितलं. तिच्या टाचेमागे, मागच्या पायटेकणीवर, देवचंदचा उजवा पाय चवड्यावर दाबला गेला होता. ताकद लावून, पोटरी ताठ करून. वळण गेलं आणि पाय सैल पडला. पुढे बैलगाडी आडवी आली, पाय पुन्हा दाबला गेला. त्याला स्वतःला ते कळत नसावं. तो मान उंच करून तिच्या खांद्यावरून रस्ता बघत होता.

तिथे ब्रेक नव्हता. पुढच्या वळणावर त्याचा पाय दाबला गेला तसा तिने आपला ब्रेक दाबला, आणि गाडी हळू केली.